रुक्मिणीचं माहेर वऱ्हाडात की अरुणाचलात? भातकुलीपासून सुरू झालेली गोष्ट एका जमातीच्या केसांपर्यंत कशी पोहोचली

अमरावतीहून पंधरा-सोळा किलोमीटरवर भातकुली आहे. तालुक्याचं गाव, खारपाणपट्ट्यातलं. म्हणजे विहीर खोदली तरी पाणी खारं लागण्याचीच शक्यता जास्त. बाहेरच्या माणसाला हे गाव माहीत असतं ते बहुतेक जैन मंदिरामुळे. आदिनाथांची काळ्या पाषाणातली मूर्ती बघायला लांबून भाविक येतात.

पण भातकुलीतल्या कुणाही जुन्या माणसाला गावाच्या नावाबद्दल विचारलं की गोष्ट थेट महाभारतात जाते. हे गाव म्हणजे भोजकट. रुक्मीनं वसवलेलं. रुक्मी म्हणजे रुक्मिणीचा थोरला भाऊ, श्रीकृष्णाचा मेहुणा आणि या लग्नाला सगळ्यात जास्त विरोध करणारा माणूस.

आता याच रुक्मीचे वंशज तिकडे अडीच हजार किलोमीटरवर, चीनच्या सीमेलगत राहतात असं कुणी सांगितलं तर? ही थाप नाही. गेली काही वर्षं सरकारी मंचांवरून, मेळ्यांमधून आणि व्हॉट्सअॅपवरून हेच सांगितलं जातंय. अरुणाचल प्रदेशातली इदू मिश्मी ही जमात म्हणजे भीष्मक राजाची प्रजा आणि रुक्मिणी म्हणजे ईशान्येची लेक.

वऱ्हाडी माणसाची यावर पहिली प्रतिक्रिया काय असेल हे सांगायला नको. पण गंमत अशी आहे की या गोष्टीवर खरी हरकत घेतली ती वऱ्हाडानं नाही, ज्यांचं कौतुक म्हणून ही गोष्ट सांगितली जात होती त्या इदू मिश्मी लोकांपैकीच अनेकांनी.

आधी मूळ कथा

भागवताच्या दहाव्या स्कंधात आणि हरिवंशात ही कथा येते. विदर्भाचा राजा भीष्मक, राजधानी कुंडिनपूर. पाच मुलगे आणि एक मुलगी, रुक्मिणी. तिच्या मनात कृष्ण, पण रुक्मीनं तिचं लग्न चेदीच्या शिशुपालाशी ठरवलेलं. रुक्मिणी एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला निरोप पाठवते, कृष्ण येतो आणि गावाबाहेर देवीच्या दर्शनाला आलेल्या रुक्मिणीला रथात घालून घेऊन जातो.

रुक्मी चिडतो. कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही अशी शपथ घेऊन तो पाठलाग करतो आणि हरतो. रुक्मिणीच्या विनवणीमुळे कृष्ण त्याचा जीव घेत नाही, पण त्याला बांधून तलवारीनं त्याचे केस आणि मिशा अर्धवट भादरतो. इतकं की बलराम कृष्णालाच बोल लावतो, नातेवाईकाची अशी विटंबना बरी नाही म्हणून.

शपथ मोडलेली, तोंड दाखवायला जागा नाही. मग रुक्मी कुंडिनपुरात परत जातच नाही. जिथे हरला तिथेच नवं नगर वसवून राहतो. ते भोजकट. पुढे त्याच्या नातीचं लग्न कृष्णाच्या नातवाशी, अनिरुद्धाशी, याच भोजकटात होतं आणि त्या लग्नात फाशांच्या खेळावरून भांडण होऊन बलराम रुक्मीला ठार करतो. सोयरीक जुळली पण वैर संपलं नाही, असा एकूण मामला.

ही झाली पुराणकथा. ती घडली का, कधी घडली, हा प्रश्न इतिहासाचा नाही. पण त्यातली गावं आणि प्रदेश कुठले, हे मात्र इतिहास बऱ्यापैकी सांगू शकतो.

भोजकट नुसतं पुराणात नाही

मध्य प्रदेशात भरहुत नावाचं ठिकाण आहे. तिथल्या स्तूपाला साधारण दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी दान दिलं त्यांची नावं दगडांवर कोरली आहेत. त्यात भोजकटच्या एका भिक्षुणीचं नाव आहे, दिगनागा. म्हणजे इसवी सनापूर्वीच भोजकट नावाचं एक खरंखुरं गाव होतं आणि तिथली एक बौद्ध भिक्षुणी दान देण्याइतकी स्वतंत्र होती. रुक्मीच्या गावातून इतिहासात पोहोचलेलं हे पहिलं माणूस एक बाई आहे, हे जाता जाता.

दुसरा पुरावा त्याहून जवळचा. अचलपूरजवळ चम्मक नावाचं गाव आहे. तिथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. काळ इसवी सनाचं पाचवं शतक. राजा चर्मांक नावाचं गाव एक हजार ब्राह्मणांना दान देतोय आणि हे गाव 'भोजकट राज्यात' आहे असं त्यात स्वच्छ लिहिलंय. चर्मांक म्हणजेच आजचं चम्मक. (या ताम्रपटातली एक अट वाचण्यासारखी आहे. राजद्रोह केला, चोरी केली, दुसऱ्या गावांना त्रास दिला तर दान परत घेतलं जाईल. आजच्या भाषेत अटी व शर्ती लागू.)

थोडक्यात, पाचव्या शतकात भोजकट हा आजच्या अमरावती जिल्ह्याचाच एक भाग होता. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या कोरीव लेखांवर मोठं काम केलं. भोजकट नगर म्हणजे आजची भातकुली, ही ओळख त्यांच्या लेखनातून रुळली. ही ओळख नावाच्या साम्यावर उभी आहे, हे खरं. पण भोजकट प्रदेश वऱ्हाडातला, हे ताम्रपटावर उभं आहे, आणि या दोन गोष्टींत फरक आहे.

कुंडिनपुराचंही तसंच. तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. १९६० च्या दशकात मोरेश्वर दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं, त्याचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. इसवी सनापूर्वीपासूनच्या वस्तीचे थर तिथे मिळाले. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त विदर्भाचं राज्य दोन भावांत वाटून दिलं जातं आणि मधली हद्द ठरते वरदा नदी. वरदा म्हणजे आपली वर्धा. विदर्भ कुठे होता याबद्दल कालिदासाच्या मनात काही गोंधळ नव्हता.

आणि हिशेबाचं बोलायचं तर भागवतात असं वर्णन आहे की कृष्ण वेगवान घोड्यांच्या रथातून एका रात्रीत द्वारकेच्या प्रदेशातून विदर्भात पोहोचला. द्वारका ते अमरावती सरळ रेषेत साधारण नऊशे किलोमीटर. एका रात्रीत तेही अवघडच, पण अरुणाचल गाठायचं तर अडीच हजारांहून जास्त.

मग अरुणाचल आलं कुठून?

अरुणाचलात लोअर दिबांग व्हॅली जिल्ह्यात रोइंग नावाचं शहर आहे. त्याच्याजवळ विटांच्या मोठ्या बांधकामाचे अवशेष आहेत. त्यांना म्हणतात भीष्मकनगर. अभ्यासक हे अवशेष मध्ययुगातल्या सुतिया राजांशी जोडतात. सादियाच्या परिसरात या राजांची सत्ता होती आणि सोळाव्या शतकात आहोमांनी ती संपवली.

सादियाजवळून एक नदी वाहते, तिचं नाव कुंडिल. कुंडिल आणि कुंडिन. इथे धागा सापडतो.

आसामात श्रीमंत शंकरदेवांनी वैष्णव भक्तीची मोठी चळवळ उभी केली. आपल्याकडे एकनाथांचं जे स्थान, तसंच काहीसं तिकडे शंकरदेवांचं. त्यांनी रुक्मिणीहरणावर काव्य लिहिलं, नाटकही लिहिलं. ते नाटक गावोगावच्या नामघरांत होऊ लागलं. कथा एकदा इतकी जवळची झाली की तिची जागा आपल्याच आसपास शोधणं माणसं सुरू करतात. शेजारी कुंडिल नदी, जंगलात कुण्या विसरलेल्या राजाचे अवशेष. झालं कुंडिनपूर तयार. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी तिथे फिरले तेव्हा लोक त्यांना भीष्मकाचा किल्ला दाखवत होते आणि जोडीला शिशुपालाचाही. पुढे लिकाबालीजवळच्या मालिनीथानलाही हीच कथा चिकटली. द्वारकेला जाताना कृष्ण-रुक्मिणी तिथे थांबले आणि पार्वतीनं त्यांना फुलांच्या माळा दिल्या, म्हणून ती मालिनी.

यात हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडे वेगळं काय झालं? अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून कृष्णानं रुक्मिणीला नेलं ही श्रद्धा आहे आणि तिथून कौंडण्यपूरपर्यंत भुयार आहे असंही सांगतात. चाळीस किलोमीटरचं भुयार! विदर्भातल्याच रिद्धपूरशी नातं सांगणाऱ्या महानुभाव पंथातल्या नरेंद्र कवीनं तेराव्या शतकात 'रुक्मिणी स्वयंवर' लिहिलं, १५७१ मध्ये एकनाथांनी काशीत बसून त्याच नावाचा ग्रंथ लिहिला. पंढरपुरात रुसून बसलेली रखुमाई घराघरात पोहोचली. उत्तर प्रदेशातही बुलंदशहरचं अहार आणि औरैयाचं कुदरकोट ही दोन गावं आपणच कुंडिनपूर असल्याचं सांगतात. रुक्मिणीला माहेरं बरीच आहेत.

फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. गावाची कथा जेव्हा माणसांची वंशावळ होते तेव्हा.

केसांची गोष्ट

इदू मिश्मी ही दिबांग खोऱ्यातली छोटी जमात. लोकसंख्या काही हजारांत मोजावी इतकी. भाषा तिबेटी-बर्मी कुळातली, तिला परंपरेनं लिपी नाही. या लोकांचे पुरुष पूर्वीपासून कपाळावर सरळ रेषेत केस कापत. त्यामुळे आसामी लोक त्यांना 'चुलिकाटा' म्हणत. चुली म्हणजे केस, काटा म्हणजे कापलेले. हे नाव त्यांनी स्वतःला दिलेलं नाही, शेजाऱ्यांनी ठेवलेलं आहे.

आता जोडा. रुक्मीचे केस कृष्णानं भादरले. इदू लोक केस कापतात. म्हणजे इदू लोक रुक्मीच्या वंशातले आणि त्या पराभवाची खूण म्हणून आजही केस कापतात. ही जोडणी बरीच जुनी आहे, पण पूर्वी ती आसामच्या मैदानी भागात सांगितली जाणारी एक गोष्ट होती. २०१८ मध्ये तिला मोठं व्यासपीठ मिळालं.

गुजरातेत पोरबंदर जिल्ह्यात माधवपूर नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. कृष्ण-रुक्मिणीचं लग्न इथे लागलं अशी श्रद्धा. दरवर्षी रामनवमीपासून पाच दिवस मेळा भरतो, लग्नाची वरात निघते. शेजारच्या कडछ गावचे मेर लोक रुक्मिणीच्या माहेरचे म्हणून आहेर घेऊन येतात. म्हणजे माहेरची जबाबदारी आधीच कुणीतरी घेतलेली होती. २०१८ पासून या मेळ्यात ईशान्येतल्या राज्यांची पथकं येऊ लागली, 'एक भारत श्रेष्ठ भारत' योजनेखाली. पश्चिमेचा कृष्ण आणि पूर्वेची रुक्मिणी, भारत जोडणारं लग्न, अशी मांडणी झाली. एप्रिल २०२२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते मेळ्याचं उद्घाटन झालं. त्याच्या आधी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'मन की बात'मध्ये या मेळ्याचा उल्लेख केला होता.

हेतू सरळ दिसतो. ईशान्येतल्या मुलामुलींना दिल्ली-पुण्यात 'चिनी' म्हणून हिणवलं जातं. त्यांना 'तुम्ही तर रुक्मिणीच्या गावचे' असं म्हणणं कुणाला गोड वाटेल. इदू समाजातही सगळे या कथेच्या विरोधात नाहीत. मेळ्यात रुक्मिणीहरण सादर करणारे इदू कलाकार आहेत, भीष्मकनगरला पर्यटक यावेत असं वाटणारेही आहेत.

पण समाजातल्या अनेक शिकलेल्या तरुणांनी आणि अभ्यासकांनी वेगळा सूर लावला. त्यांचं म्हणणं असं की आमचा इतिहास 'इगू' सांगतात. इगू म्हणजे त्यांचे पुरोहित. मृत्यूच्या वेळी ते रात्रभर जी गाणी म्हणतात त्यात पूर्वज कुठून आले, कुठल्या डोंगरावरून उतरले, आत्म्यानं कुठल्या वाटेनं परत जायचं हे सगळं येतं. पहिला इगू सिनेरू त्यात येतो. चीनच्या सीमेजवळचं अथू पोपू हे पवित्र ठिकाण येतं. रुक्मिणी येत नाही, भीष्मक येत नाही.

आणि मग केसांचा मुद्दा. ही गोष्ट कौतुकाची म्हणून सांगितली जाते, पण नीट ऐकली तर ती इदूंना काय सांगते? तुमचा मूळ पुरुष हरला होता, त्याची विटंबना झाली होती आणि तुमच्या डोक्यावरची खूण ही त्या शिक्षेची आहे. जी केशरचना ही त्यांची स्वतःची रीत होती, तिला कथेनं शिक्षा करून टाकलं. भातकुलीच्या माणसानं 'आमचं गाव रुक्मीचं' म्हणणं आणि कुणी तिसऱ्यानं येऊन 'तुम्ही रुक्मीचे' म्हणणं, यात हा फरक आहे.

अमेरिकेतलं असंच एक पुस्तक

एखाद्या समाजाला एकच सलग आणि ऐकायला भारी वाटणारी वंशकथा देण्याचा प्रकार फक्त भारतातला नाही. २००४ मध्ये अमेरिकेत जिम वेब यांचं 'बॉर्न फायटिंग' हे पुस्तक आलं. वेब हे व्हिएतनाममध्ये लढलेले सैनिक, कादंबरीकार, नंतर व्हर्जिनियाचे सिनेटर. पुस्तक स्कॉट्स-आयरिश लोकांवर. हे लोक मूळचे स्कॉटलंडच्या सखल भागातले आणि इंग्लंडच्या सीमेवरचे. सतराव्या शतकात त्यांना उत्तर आयर्लंडमध्ये वसवलं गेलं आणि अठराव्या शतकात त्यांतले पुष्कळ अमेरिकेत अॅपलेशियाच्या डोंगराळ भागात गेले. वेब यांचं म्हणणं असं की हे जन्मजात लढवय्ये, कुणापुढे न झुकणारे लोक आणि अमेरिकेचा स्वभाव यांनीच घडवला.

ज्यांना 'हिलबिली' म्हणजे डोंगरातले अडाणी म्हणून हसलं जायचं, त्या वाचकांना पुस्तक जवळचं वाटलं. कुणीतरी आपल्याबद्दल मानानं लिहिलं. टीकाकारांचा आक्षेप असा की त्या डोंगरांत इंग्रज होते, जर्मन होते, कृष्णवर्णीय होते, सगळ्यांचा मिळून झालेला समाज एका रक्ताच्या खात्यावर कसा टाकायचा? आणि लढाऊपणा रक्तातून येतो की गरिबीतून आणि सीमेवरच्या जगण्यातून?

दोन्हीकडे साचा एकच दिसतो. हिणवला गेलेला समाज, त्याला मान देणारी कथा आणि त्या कथेत न बसणाऱ्या तपशिलांची छाटणी. मात्र वेब स्वतः त्या समाजातले होते. ते आपल्या आजी-आजोबांबद्दल लिहीत होते. चुकले असतील तर स्वतःबद्दल चुकले. इदूंची कथा मात्र आधी आसामच्या मैदानी भागात तयार झाली आणि मग गुजरातच्या किनाऱ्यावर. दिबांगच्या खोऱ्यात ती तयार होऊन आली.

आणि वऱ्हाडाचं काय?

या सगळ्यात कौंडण्यपूर आपलं काम करत राहिलं. तिथून रुक्मिणीची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते. रुक्मिणीच्या माहेरची पालखी म्हणून तिला मान आहे आणि ही परंपरा चारशेहून जास्त वर्षांची सांगितली जाते. २०२१ मध्ये करोनामुळे सरकारनं फक्त दहा मानाच्या पालख्यांना परवानगी दिली, त्यातही कौंडण्यपूरची होती. पायी नाही, बसनं गेली, पण गेली.

भातकुलीच्या वाट्याला मात्र फार काही आलं नाही. त्याचं एक कारण कथेतच आहे. कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर, भातकुली हे रुक्मीचं गाव. नायिकेच्या गावाला पालखी मिळते. हरलेल्या भावाच्या गावाला कोण विचारणार? इथल्या जैन परंपरेनं तेवढी रुक्मीची आठवण धरून ठेवली आणि तीर्थाचा संबंध भोजकट नगराशी सांगितला. म्हणजे भागवतातला खलनायक एका गावात मंदिराच्या इतिहासाचा भाग आहे. भरहुतच्या दगडावर हेच नाव बौद्ध भिक्षुणीच्या नावापुढे येतं आणि वाकाटकांच्या ताम्रपटात ब्राह्मणांच्या दानपत्रात. एका भोजकटावर तीन परंपरांनी आपापली नोंद करून ठेवली आहे.

अशा जुन्या गावांत पांढरी असते. पिढ्यानपिढ्यांच्या वस्तीनं तयार झालेलं मातीचं टेकाड. वऱ्हाडात धाब्याच्या घरांवर टाकायला हीच माती खणून नेत आणि खणता खणता जुनी खापरं, मणी, कधी एखादं नाणं निघे. भीष्मकनगरला आज संरक्षित वारसास्थळाचा फलक आहे. कौंडण्यपूरला उत्खननाचा अहवाल आहे. भातकुलीला जाणारा रस्ता अमरावतीतूनच सुटतो, आणि त्यावर भोजकटाचं नाव शोधायचं तर चम्मकचा ताम्रपटच वाचावा लागतो.